कवळी घरच्या घरी साफ करायची तर: भांड्याचं लिक्विड, खायचा सोडा, व्हिनेगर आणि बाकीचं

सासूबाईंची वरची-खालची पूर्ण कवळी आणि सासऱ्यांची धातूच्या हुकांची अर्धी कवळी, या दोन्ही साफ ठेवायचं काम घरात माझ्याकडे आहे, आणि ओळखीत कुणाच्या घरी नवीन कवळी आली की मला फोन येतो की अगं ती रोज कशाने धुवायची, त्या फेसाळणाऱ्या गोळ्या आणायलाच हव्यात का, घरातलं काही चालत नाही का. चालतं. पण कोणत्या कामाला काय चालतं हे वेगवेगळं आहे आणि सगळा घोळ तिथेच होतो, म्हणून फोनवर तुकड्यातुकड्यात सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं बसलं पाहिजे की कवळी प्लास्टिकची असते. दिसायला दात आणि हिरड्या, पण तो गुलाबी भाग म्हणजे अ‍ॅक्रिलिक, पूर्ण नाव पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. 1930 च्या दशकाच्या शेवटी ते कवळ्यांसाठी वापरात आलं, त्याच्या आधी कडक केलेलं रबर वापरायचे. बहुतेक कवळ्यांचे दातही अ‍ॅक्रिलिकचेच असतात, काहींचे पोर्सेलिनचे. आता कडकपणा मोजायचं नूप नावाचं एक माप आहे, त्यात खऱ्या दाताचं वरचं इनॅमल 340 च्या आसपास येतं, आतलं डेंटिन 68 च्या आसपास आणि हे अ‍ॅक्रिलिक जेमतेम 20 च्या आसपास. म्हणजे जी टूथपेस्ट खऱ्या दातांना चालते ती कवळीवर बारीक चरे पाडते, कारण पेस्टमध्ये घासण्यासाठी सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेटची पूड असते आणि ती या प्लास्टिकपेक्षा कितीतरी कडक असते. दातांना पांढरं करणाऱ्या पेस्ट, कोळशाच्या पेस्ट, दंतमंजन ही तर अजून खरखरीत. चरे नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण जंतूंना आणि कॅन्डिडा नावाच्या बुरशीला त्यात घट्ट बसायला जागा मिळते, मग डाग लवकर धरतात, वास लवकर येतो, म्हणून माणूस अजून जोर लावून घासतो आणि अजून चरे पडतात. त्यामुळे कुठलाही घरगुती उपाय कानावर आला की मी पहिला प्रश्न हाच विचारते की याने चरे पडतील का.

आणि रोजच्या रोज वापरायला मला विचाराल तर भांडी घासायचं साधं लिक्विड. हो, तेच. एक थेंब, मऊ ब्रश, गार किंवा कोमट पाणी, बस. त्यात घासणारी पूड नसते, तेलकट थर सुटतो, आणि कवळीवर जो रोजचा बुळबुळीत थर बसतो तो ब्रशने निघून जातो. वास कमीत कमी असलेलं लिक्विड घ्या, नाहीतर नीट धुतलं नाही तर जेवताना चव येते आणि म्हातारी माणसं मग कवळी घालायलाच नको म्हणतात. हात धुवायचा साधा लिक्विड सोपही चालतो. भांड्याची पावडर, भांड्याची वडी, घासणी, तारेचा काथ्या यातलं काहीही कवळीजवळ नेऊ नका.

बऱ्याच लोकांचा समज असा असतो की कवळी कशाततरी रात्रभर भिजत ठेवली की ती साफ होते. तसं होत नाही हो. तो बुळबुळीत थर म्हणजे जंतूंची एकमेकांना चिकटून बसलेली वसाहत असते आणि ती भिजवून फारतर सैल होते, ब्रश फिरल्याशिवाय निघत नाही. म्हणून आधी घासायचं आणि मग भिजवायचं, हा क्रम ठेवा. उलट क्रम फक्त कीटण काढायचं असेल तेव्हा, ते पुढे सांगते.

घासायची पद्धत पण सांगते, कारण कवळ्या तोंडात जितक्या मोडतात त्यापेक्षा कितीतरी जास्त धुताना मोडतात असं मला वाटतं. बेसिनमध्ये थोडं पाणी भरून घ्यायचं किंवा तळाशी घडी केलेला टॉवेल अंथरायचा, म्हणजे हातातून निसटली तरी कडक पृष्ठभागावर आपटत नाही, आणि साबण लावलेली कवळी निसटतेच. खालची कवळी नालेच्या आकाराची असते, ती दोन टोकांना धरून मुठीत दाबायची नाही, मधोमध तडकते. मधल्या भागाला चिमटीत धरायचं आणि एक-एक बाजू घासायची. ब्रश मऊ हवा, कवळीचा वेगळा ब्रश मिळतो त्याला दोन बाजू असतात, एक रुंद आणि एक टोकदार, टोकदार बाजू आतल्या कोपऱ्यांसाठी. तो नसेल तर लहान मुलांचा मऊ ब्रश पण चालतो, फक्त तो तोंडातल्या दातांच्या ब्रशपेक्षा वेगळा ठेवा.

आता कुठे घासायचं. सगळे जण दात घासतात, पुढचे दिसणारे, चकचकीत करतात, आणि जी बाजू हिरड्यांना आणि टाळूला चिकटते ती तशीच राहते. घाण तिथे साठते! तिथे लाळ फिरत नाही, जीभ पोचत नाही, ऊब असते, ओल असते. वरच्या कवळीचा टाळूचा भाग बोट फिरवून बघा, बुळबुळीत लागला तर अजून साफ झालेली नाही, साफ झाल्यावर बोटाला काच घासल्यासारखं कोरडं-कोरडं लागतं. मी तर डोळ्यांपेक्षा बोटावरच जास्त विश्वास ठेवते. चिकटवायची क्रीम लावत असतील तर ती रोजच्या रोज पूर्ण निघाली पाहिजे, जुन्या थरावर नवा थर लावला तर कवळी नीट बसत नाही आणि खाली जंतू वाढतात. ती चिवट असते, कोमट पाण्याखाली धरून ओल्या गॉजने आधी पुसून घ्यायची मग ब्रश. हिरडीला चिकटून राहिलेली क्रीमसुद्धा गॉजनेच पुसायची.

खायचा सोडा. याच्याबद्दल लोक फार टोकाचं बोलतात, कुणी म्हणतं अमृत आहे, कुणी म्हणतं अजिबात नको. माझं मत असं की पाण्यात विरघळवून भिजवायला फार छान, पेस्ट करून घासायला जपून. सोड्याचे कण टूथपेस्टमधल्या सिलिकापेक्षा पुष्कळ मऊ असतात हे खरं आहे, आणि ते पाण्यात लगेच विरघळतात, पण कोरडा सोडा बोटाने रगडला तर अ‍ॅक्रिलिकवर थोडी झीज होणारच, आणि रोज केलं तर साठत जाणार. त्यामुळे मी पेला अर्धा भरेल इतक्या कोमट पाण्यात एक चमचा सोडा पूर्ण विरघळवते आणि त्यात घासून झालेली कवळी अर्धा तास ठेवते. वासाला हा उत्तम उपाय. तोंडातले जंतू जी आम्लं बनवतात त्यांचा आंबट वास सोड्याने मोडतो, शिवाय कॅन्डिडा बुरशीला आंबट वातावरण जास्त मानवतं आणि सोड्याचं पाणी किंचित अल्कली असतं, पीएच साधारण 8.3. बुरशी मारून टाकतो असं मात्र समजू नका, तेवढी ताकद त्यात नाही. धातूच्या कवळीलाही सोड्याचं पाणी चालतं, म्हणून सासऱ्यांच्या अर्ध्या कवळीला आम्ही तेच वापरतो.

एक फार महत्त्वाचं, खायचा सोडा आणि धुण्याचा सोडा या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि दोन्ही पांढऱ्या पुडी असतात. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट, त्याचं पाणी कितीतरी जास्त दाहक, पीएच 11 च्या आसपास जातो, कवळीवर थोडा जरी राहिला तरी हिरड्या आणि टाळू भाजल्यासारखे होतात. घरात दोन्ही असतील तर डब्यांवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, कारण कवळी बरेचदा घरातली म्हातारी माणसं स्वतःच धुतात आणि त्यांना चष्म्याशिवाय कळत नाही. बेकिंग पावडर ही अजून तिसरी वस्तू, तिच्यात सोड्याबरोबर आम्ल आणि स्टार्च असतं, तिचा इथे काही उपयोग नाही.

मग व्हिनेगर. पांढरं व्हिनेगर एका कामाला अगदी नेमकं आहे आणि ते काम म्हणजे कीटण. काही लोकांच्या लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट भरपूर असतं, मग न निघालेला थर हळूहळू दगडासारखा घट्ट होतो, खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला जास्त, कारण लाळेच्या ग्रंथी तिथेच उघडतात. पाणी तापवायच्या भांड्याच्या तळाला जसा पांढरट थर धरतो तसाच दिसतो, हाताला खरखरीत, पिवळट-करडा. हा ब्रशने निघत नाही, आणि बरेच जण इथे सुरी, टाचणी, टूथपिक, नखं कोरायचं हत्यार असलं काहीतरी घेऊन खरवडायला बसतात, कृपा करून तसं करू नका, एक खोल चरा पडला की तिथेच पुन्हा कीटण आधी धरतं. पांढरं व्हिनेगर आणि पाणी अर्धं-अर्धं, कवळी पूर्ण बुडेल एवढं, अर्धा तास ठेवून ब्रश फिरवून बघायचा. जुनं कीटण असेल तर रात्रभर ठेवलं तरी अ‍ॅक्रिलिकला त्रास होत नाही. कीटण मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटचं असतं, आम्लात ते विरघळतं पण सावकाश विरघळतं, बुडबुडे वगैरे काही येत नाहीत, त्यामुळे काही होतंच नाहीये असं वाटून लोक मध्येच काढतात. धीर धरावा लागतो, एका वेळी थोडं मऊ होतं तेवढं घासून काढायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. तरीही नाही गेलं तर डेंटिस्टकडे पॉलिश करून मिळतं, त्यांच्या अल्ट्रासोनिक मशीनमध्ये ते पटकन सुटतं.

व्हिनेगर रोज वापरायची गरज नाही, आठवड्यातून एकदा पुष्कळ, कीटण धरतच नसेल तर तेवढंही नाही. आणि धातू असलेल्या कवळीला मी व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवणार नाही. लिंबाच्या रसातही आम्ल आहे आणि तोही कीटण मऊ करतो, पण लोक काय करतात की लिंबाच्या फोडीवर मीठ घेऊन कवळी घासतात, आणि मिठाचे ते टोकदार खडे प्लास्टिकवर सरळ ओरखडे काढतात.

आता सगळीकडे सांगितला जाणारा तो उपाय, सोडा आणि व्हिनेगर एकत्र करा, फसफस फेस येतो, त्यात कवळी टाका. मनापासून सांगते, याचा फारसा फायदा नाही. एक आम्ल, दुसरा अल्कली, एकत्र आले की एकमेकांना संपवतात, जो फेस येतो तो कार्बन डायऑक्साइड वायू, आणि फेस बसल्यावर पेल्यात उरतं ते पाणी आणि सोडियम अ‍ॅसिटेट नावाचं मीठ. म्हणजे कीटण काढणारं आम्लही गेलं आणि वास मोडणारा सोडाही गेला. दोन-चार मिनिटांच्या बुडबुड्यांनी फारतर अडकलेला कण हलतो. ज्याला दोन्ही वापरायचंय त्याने वेगवेगळ्या दिवशी वापरावं, कीटणाच्या दिवशी व्हिनेगर, वासाच्या दिवशी सोडा.

ब्लीचवर जरा थांबून बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त ताकद त्याची आणि सगळ्यात जास्त नुकसानही त्याचंच. सोडियम हायपोक्लोराइट बुरशी मारतं, जंतू मारतं, तो चिकट थरही विरघळवतं, दवाखान्यातून सांगितलं गेलं तर वापरायला हरकत नाही. पण कपड्यांच्या ब्लीचची ताकद साधारण 4 ते 6 टक्के असते आणि कवळीला 0.5 टक्के पुरते, म्हणजे 5 टक्क्यांचं ब्लीच असेल तर एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी. आणि वेळ, जास्तीत जास्त 10 मिनिटं. अमेरिकेतल्या कवळी-तज्ज्ञ डॉक्टरांच्या संघटनेने 2011 मध्ये पूर्ण कवळीच्या देखभालीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या त्यातही हीच मर्यादा घातलेली आहे, 10 मिनिटांपेक्षा जास्त नको. रात्रभर ब्लीचमध्ये ठेवलं की गुलाबी रंग फिका पडत पांढुरका होतो, आणि तो परत येत नाही. ज्या ब्लीचमध्ये सुगंध किंवा साबण मिसळलेला असतो ते घेऊ नका, साधंच घ्या, नंतर वाहत्या पाण्याखाली भरपूर धुवा आणि ब्रशनेही एकदा घासा. धातूचे हुक किंवा धातूची पट्टी असेल तर ब्लीच अजिबात नको, कोबाल्ट-क्रोमियमच्या धातूवर काळे डाग पडतात, बारीक खड्डे पडतात आणि हुक कमजोर होतो. इम्प्लांटवर बसणाऱ्या कवळीच्या आत धातूच्या टोप्या असतात, तिलाही नको. आतून मऊ अस्तर लावलेली कवळी असेल तर ते अस्तर ब्लीचने कडक आणि खरखरीत होतं.

आणि हे तर घरातल्या प्रत्येकाला सांगा: ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र करायचं नाही, ब्लीच आणि लिंबू नाही, ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर नाही. आम्ल मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये तो फुफ्फुसाला इजा करतो, दमेकऱ्याला तर फारच. काल व्हिनेगर वापरलेली वाटी न धुता आज त्यात ब्लीच ओतणं हेही तेच झालं. मी म्हणेन ज्या घरात वयस्कर माणूस स्वतः कवळी धुतो आणि नजर कमी झालीये तिथे ब्लीचची बाटली कवळीच्या सामानाजवळ ठेवूच नका.

हायड्रोजन पेरॉक्साइड, ते 3 टक्क्यांचं जखमेसाठी मिळतं ते, हलक्या डागांना बरं आहे, चहा-कॉफीचा किंवा तंबाखूचा तपकिरी थर त्याने थोडा उतरतो. त्यात तेवढंच पाणी घालून अर्धा तास, कधीतरीच. फेसाळणाऱ्या गोळ्यांमध्ये पण शेवटी हेच तत्त्व असतं, त्यातला परबोरेट किंवा परकार्बोनेट पाण्यात पेरॉक्साइड सोडतो आणि बरोबर सोडा आणि आम्ल असतं त्याने फेस येतो. त्यामुळे गोळ्या वाईट आहेत असं मी म्हणत नाहीये, धातूला चालतात असं पाकिटावर लिहिलेल्या गोळ्या सोयीच्या असतात. काही गोळ्यांत परसल्फेट असतं, त्याची अ‍ॅलर्जी होऊ शकते, अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2008 मध्ये त्याबद्दल इशारा दिला होता. हिरड्या सुजल्या, अंगावर पुरळ आलं, श्वासाला त्रास झाला तर गोळी बंद करून डॉक्टरांना दाखवायचं. आणि गोळी तोंडात टाकायची नसते, कवळी तोंडात असताना चूळ भरायलाही नसते. ज्यांना विसरभोळेपणाचा आजार आहे त्यांच्या हाताशी हे पाकीट ठेवू नका, औषधाची गोळी समजून गिळू शकतात.

जे करू नये ते पटापट सांगते. उकळतं पाणी नको, कवळी वाकते, फरक डोळ्याला दिसत नाही पण दुसऱ्या दिवशी हिरडीला टोचायला लागतं आणि ती परत सरळ करता येत नाही. मायक्रोवेव्ह नको, दवाखान्यात त्यावर प्रयोग झालेत पण ते मोजून-मापून, घरी वाकायची भीती, धातू असेल तर विषयच नाही. हँड सॅनिटायझर आणि अल्कोहोलवालं माऊथवॉश नको, अ‍ॅक्रिलिकला केसासारख्या बारीक भेगा पडतात. नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन किंवा थिनर तर हे प्लास्टिक सरळ विरघळवतं. क्लोरहेक्झिडिनचं माऊथवॉश डॉक्टर देतात तेव्हा ठीक, पण जास्त दिवस वापरलं तर तपकिरी डाग पडतात हे माहीत असू द्या. मिठाच्या पाण्यात ठेवायची सवय असेल तर धातू नसलेल्या कवळीला तसा अपाय नाही, पण फार मोठा फायदाही नाही, आणि धातूला मीठ वाईटच. मऊ वाकणाऱ्या नायलॉनच्या कवळ्या आता खूप जण घेतात, त्यांना चरे अजून लवकर पडतात, त्यांना कडक ब्रश नको, पेस्ट नको, ब्लीच नको.

रात्री कवळी काढून ठेवा. हे माझ्या दृष्टीने सोडा-व्हिनेगरपेक्षा मोठं आहे. कवळी दिवसभर घातल्यावर टाळूला आणि हिरड्यांना रात्री मोकळं राहू द्यायला हवं, लाळ फिरायला हवी. रात्रंदिवस घालणाऱ्यांच्या टाळूवर कवळीच्या आकाराची लाली दिसते, बहुतेक वेळा दुखत नाही म्हणून कुणाला कळतही नाही, आणि ती बुरशीची लागण असते. जपानमध्ये 85 आणि त्यापुढच्या वयाच्या 524 लोकांवर तीन वर्षं लक्ष ठेवलं होतं, तो अभ्यास 2015 मध्ये आला, त्यात कवळी घालून झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचा धोका न घालून झोपणाऱ्यांपेक्षा साधारण 2.3 पट दिसला. मला हे वाचल्यापासून सासूबाईंना रात्री आठवण करायचं कधी जड वाटलं नाही. त्यांना आधी कवळीशिवाय कुणी बघू नये असं वाटायचं, आणि ते मी समजू शकते, चेहरा बदलतो, बोलणं बदलतं, आपल्याच माणसांसमोरही संकोच वाटतो. म्हणून ‘काढा’ असं सगळ्यांसमोर म्हणायचं नाही. मी हळूच विचारते, ‘आई, पाणी भरून ठेवलंय, तुमचं झालं की सांगा’, आणि त्या दार लावून निवांत काढतात.

काढल्यावर साध्या गार पाण्यात ठेवायची, वाळून तिचा आकार किंचित बदलू शकतो. पाणी रोज बदलायचं. आणि ती डबी! कवळी रोज घासतात पण डबीच्या तळाला बोट लावून बघा, कित्येक घरांत बुळबुळीत असते, म्हणजे स्वच्छ कवळी परत त्याच जंतूंमध्ये. डबी रोज लिक्विडने धुवा आणि सुकू द्या, ब्रशचे केस वाकले की बदला. कागदी रुमालात गुंडाळून ताटाजवळ ठेवायची सवय असेल तर ती मोडायला मदत करा, तशा कवळ्या कचऱ्यात जातात, दवाखान्यात भरती असताना तर फार.

तोंडही साफ करायचं असतं, दात नसले तरी. मऊ ब्रश किंवा ओलं गॉज बोटाला गुंडाळून हिरड्या, टाळू, जीभ रोज हलक्या हाताने पुसायची, मग सकाळी कवळी घालायची. अर्धी कवळी असेल तर ज्या खऱ्या दातांना हुक बसतो तिथे खास लक्ष द्या, हुकाखाली अन्न अडकून ते दात आधी किडतात, आणि ते गेले की कवळीला आधारच राहत नाही. या खऱ्या दातांना मात्र फ्लोराइडची टूथपेस्टच हवी, कवळी बाहेर काढून.

ज्यांचे हात थरथरतात किंवा बोटं वाकत नाहीत त्यांच्यासाठी जाड मुठीचा ब्रश घ्या, किंवा साध्या ब्रशच्या दांड्याला कापड गुंडाळून जाड करा. रबरी चकतीने बेसिनला चिकटून बसणारा ब्रशही मिळतो, लकवा झालेल्या माणसाला एका हाताने कवळी त्यावर फिरवता येते. स्वतःचं स्वतः करता येणं त्यांच्यासाठी फार मोठं असतं, आपण मागून एकदा बोट फिरवून तपासलं की झालं.

एवढं सगळं करूनही वास जात नसेल, टाळू लाल दिसत असेल, ओठांच्या कोपऱ्यांना भेगा पडत असतील, कवळी सैल झाली असेल किंवा तिला तडा गेला असेल तर घरी अजून काही करून बघू नका, डेंटिस्टकडे जा. बुरशीची लागण असेल तर तोंडाला आणि कवळीला दोन्हीला औषध लागतं, एकालाच दिलं तर ती परत येते. तुटलेली कवळी घरी फेविक्विकने चिकटवू नका, तुकडे केसभर जरी चुकीचे बसले तरी नंतर दुरुस्त करणं अवघड होतं, सगळे तुकडे पाण्याच्या डबीत घालून तसेच न्या. हिरडीखालचं हाड वर्षानुवर्षं झिजत असतं, त्यामुळे एकेकाळी घट्ट बसणारी कवळी सैल होणारच, ती वर्षातून एकदा तरी दाखवून घ्यायची, दुखत नसलं तरी. आणि जाल तेव्हा घरी कशात भिजवता, किती वेळ भिजवता, पेस्ट वापरता का, हे सगळं न लाजता सांगा, ब्लीच वापरत असाल तर तेही सांगा.